गळ्यावरची हळद

आधीच सांगते, मी भुताखेतांतली नाही. विमा कंपनीत क्लेम तपासते... खोट्या गोष्टीचा मला लांबून वास येतो. अमावस्येला नारळ उतरवणाऱ्या सासूबाईंशी माझे वाद ठरलेले. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय, पण लिहिते.

आम्ही भांडुपला राहतो, स्टेशनच्या पश्चिमेला. माझी दोन बाळं गेली. दोन्ही वेळा तिसरा महिना लागायच्या आत. मला पीसीओडी, पाळी कधीच वेळेवर नाही, त्यामुळे डॉक्टर बदलले तरी सगळे तेच धरून बसायचे – वजन कमी करा, टेन्शन घेऊ नका. थायरॉइडचा लग्नाआधीचा रिपोर्ट नॉर्मल होता, म्हणून तो पुन्हा कुणी केलाच नाही. "टेन्शन घेऊ नका" म्हणणाऱ्याच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटायचं.

तिसऱ्यांदा राहिल्याचं कळलं ते संक्रांतीच्या आसपास. घरात फक्त नवरा महेश आणि आई, म्हणजे सासूबाई, एवढ्यांनाच माहीत. तीन महिने कुणाला सांगायचं नाही, हा आईंचा नियम, आणि यावेळी मीही वाद घातला नाही. मी इतकी घाबरले होते की बाथरूमला जायचीसुद्धा भीती वाटायची.

खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकूंकडे एका संध्याकाळी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. गेले नसते तर बायकांना संशय आला असता, म्हणून गेले. काकूंनी कपाळाला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, मी लगेच निघाले. लिफ्टच्या आरशात पाहिलं तर गळ्यावर, बरोबर मधोमध, हळदीचं बोट. ठसठशीत, अंगठ्याएवढं.

वाटलं, काकूंचा हात घसरला असेल. पण आईंनी दारातच विचारलं, "गळ्याक हळद कोणी लावल्यान गो? आमच्यात गळ्याक लावनत नाय."

काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, कपाळालाच लावली, गळ्याला कशाला लावू? मी साबणाने धुतलं. पिवळा डाग राहिला, हळदीचा राहतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून ऑफिसला निघताना आरशात पाहिलं आणि हातातली ओढणी पडली. त्याच जागी हळद होती... ओली. बोट लावलं तर बोटाला आली. आई देवपूजेत, महेश केव्हाच निघून गेलेला. आईंना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि माझा हात घट्ट धरला. त्याने मी जास्त घाबरले.

त्याच दुपारी ऑफिसमध्ये रक्ताचा डाग दिसला. संपलं, असं वाटलं. रिक्षात रडत रडत मुलुंडला नवीन डॉक्टरबाईंकडे पोचले. सोनोग्राफीत ठोके होते. मी श्वास सोडते न सोडते तोच त्यांची नजर गळ्याकडे गेली.

"हे काय लावलंय?"

मी काय सांगणार? म्हटलं, हळदीकुंकवाची आहे. त्यांनी दोन्ही बाजूंनी गळा चाचपला. "आवंढा गिळा. परत गिळा." मग नर्सला म्हणाल्या, थायरॉइड आजच्या आज पाठवा.

रिपोर्ट आला, गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी पार मंदावलेली. अशाने गर्भ टिकायला अडचण येते, पीसीओडीबरोबर हे बऱ्याचदा सापडतं, असं त्या म्हणाल्या. आधीची दोन यामुळेच गेली का, ते मात्र छातीठोकपणे सांगता येणार नाही, असंही म्हणाल्या. दुसऱ्याच दिवसापासून उपाशीपोटी गोळी सुरू झाली. रक्त हळूहळू थांबलं. हळद परत उमटली नाही.

महेश म्हणतो, तूच झोपेत लावली असशील. आंघोळीनंतर, यार? साबण लावून?

मुलगी झाली. बारशाच्या दिवशी बायकांच्या ओट्या भरून झाल्यावर आईंनी आणखी एक खण-नारळ काढला आणि कोपऱ्यात रिकामा पाट मांडला. ही ओटी कुणाची, मी विचारलं.

"जी गळ्याक हळद लावन गेली, तिची."

एरवी मी वाद घातला असता. त्या दिवशी लेकीला महेशकडे दिलं, पाटासमोर बसले आणि तांदळाची ओंजळ पुढे केली. नाव काय घ्यायचं, तेच कळेना. मग आईंच्या बोलीत नुसतं "बाय गो" म्हटलं आणि तांदूळ सोडले.