टेस्टरवरचं कुंकू

निऑन हा वायू सहसा कशाशीही संयोग पावत नाही, हे आयटीआयत असताना मला तोंडपाठ होतं. पण तोच वायू टेस्टरच्या मुठीतल्या इवल्याशा दिव्यात बसून लालकेशरी का उजळतो, ते काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. त्यातून मागच्या टोपीवर बोट टेकवल्याशिवाय दिवा लागत नाही. म्हणजे वीज माझ्याच अंगातून जाते! मग झटका का बसत नाही? महाळुंग्याच्या कंपनीत लागलो तेव्हा मेंटेनन्समधल्या काकांना विचारलं. ते तिथल्याच शेतकरी घरातले. म्हणाले, "आत रेझिस्टन्स हाय. चिमूटभरच वीज सोडतो. निऑनला तेवढी बास." मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

खंडेनवमीला आम्ही कंपनीत हत्यारं पुजली. मी नवा, लातूरकडचा, हौशी. माझ्या टेस्टरच्या मुठीला ओल्या कुंकवाचा चांगला जाड थर दिला.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर पहिल्याच शिफ्टला एका मशीनची मोटार अडली. मी स्विच खाली ओढला, वायरीला टेस्टर टेकवला. दिवा नाही. "बंद आहे काका, लावा हात," मी तोऱ्यात सांगितलं.

काकांनी हात पुढे केलाही होता. तो मध्येच थांबला. "आधी चालू जागी लावून बघितलास का?"

नव्हता बघितला. शेजारच्या सॉकेटमध्ये घातला. तिथेही दिवा नाही! त्याच बोर्डावरचा पंखा मात्र गरगरत होता. पंख्याचं खरं मानू की टेस्टरचं? बोट टोपीवर नीट होतं. दिवा गेला म्हणावं, तर टेस्टर नवाकोरा. "इथेही वीज नाही वाटतं, काका," मी पुटपुटलो.

"मग पंखा काय वाऱ्यावर फिरतोय व्हय?" काकांनी टेस्टर घेतला आणि मुठीवरची, दिवा दिसायची खिडकी अंगठ्याने खसाखसा पुसली. वाळलेलं कुंकू निघालं. सॉकेटमध्ये दिवा लागला. मग मोटारीच्या वायरीला टेकवला. तिथेही लागला. मी भलताच स्विच ओढला होता.

काकांचा हात वायरीपासून वीतभर लांब राहिला होता. मला शिव्या हव्या होत्या, त्या मिळाल्या नाहीत. काकांनी अंगठ्याला लागलेलं कुंकू माझ्या कपाळावर टेकवलं.

"हे हितं लावत्यात, बाळा," ते हसत म्हणाले. पण मोटारीचा स्विच ओढायला मात्र ते स्वतःच गेले.