चहाच्या पाण्यानं जुनं केलेलं घर

दोंडाईच्याच्या फलाटावर दादा माझी वळकटी खांद्यावर घेऊन उभा होता. मी एकोणीस वर्षांचा, तो बावीसचा. गाडी लागली तशी त्यानं खिडकीतून वळकटी आत टाकून जागा धरली आणि मग मला चढवलं. माय स्टेशनवर आली नव्हती. घरातून निघतानाच म्हणाली होती, "जाय. घरनी कायजी करू नको, घर आम्ही देखसूत." मी खरंच काळजी केली नाही. सुरतेजवळ उधन्याला उतरलो, बमरोलीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर लागलो आणि पहिल्या आठवड्यातच सुरत मला आवडली. पत्रात मात्र 'करमत नाही' असं लिहायचो. ते खोटं होतं.

गावकऱ्यांनो, तुमच्यातले काही गावातच राहिलात, आणि काही माझ्यामागून सुरतेत लिंबायतला आलात. दोघांनाही हे सांगायचं बरेच दिवस मनात होतं.

लूमवरून मी प्रिंटिंग मिलच्या डिझाइन खात्यात गेलो. आधी साडीवरची फुलं ट्रेस करायचो, पुढे कॉम्प्युटरवर काढू लागलो. मधल्या काळात मुक्त विद्यापीठाची पदवीही घेतली. दोन वर्षांपूर्वी मुलीसाठी कॉलेजचा फॉर्म आणायला गेलो आणि एक स्वतःसाठी भरून आलो. विषय प्रोडक्शन डिझाइन. सिनेमातली घरं, दुकानं, गल्ल्या कशा दिसाव्यात हे ठरवायचं आणि उभंही करायचं. शेचाळीसाव्या वर्षी दप्तर घेऊन वर्गात बसलो तेव्हा कानशिलं तापली होती. पण पहिल्याच तासाला मॅडम म्हणाल्या की दार किती उंच आहे यावरून त्या घरात कोण वाकून येतं ते कळतं, आणि मी वेडाच झालो. त्या दिवसापासून रिक्षातून जाताना मी दारंच मोजतो. गंज कसा चढतो, उंबरा कुठे झिजतो, दिव्याच्या बटणाभोवती बोटांचे डाग कुठवर जातात! वीस वर्षांची पोरं मला 'काका' म्हणतात, आणि त्यांच्याआधी मी वर्गात पोचतो.

गावी मात्र दादाला सांगितलं की कंपनीचं ट्रेनिंग आहे. मला बारावी करता यावी म्हणून त्यानं दहावीनंतर शाळा सोडली आणि शेत धरलं. त्याला कोणत्या तोंडानं सांगणार होतो की मी आता हौसेसाठी शिकतोय?

परीक्षेसाठी आम्हाला एका लघुपटाचा सेट उभा करायचा होता. बऱ्याच वर्षांनी गावी परतलेल्या माणसाचं घर. दिग्दर्शन वर्गातल्या हेतलचं होतं, घर माझ्याकडे आलं. मी आपलंच घर करायचं ठरवलं. प्लायच्या तीन भिंती, त्यांवर मातीचा लेप. चार दिवस आम्ही त्या जुन्या करत होतो. चहाचं पाणी शिंपडलं, काजळी चोळली, पोपडे काढले, कोपऱ्यात ओल दाखवली. असं करताना आनंद व्हायचा. मला वाटायचं, माझ्यामागे घराचं जे झालं ते मी अखेर कबूल करतोय. फळीवर मांडायला मायची भांडी हवी होती. ट्रेनिंगमध्ये प्रदर्शन आहे असं सांगून मागवली. दादा आणि वहिनी स्वतःच घेऊन आले.

सकाळच्या गाडीनं उतरलेल्या दोघांना मी रिक्षानं थेट कॉलेजात नेलं. भांडी आत न्यायची तर गेटवर एकेक नग लिहून द्यावा लागतो. वहिनी दमल्या होत्या, म्हणून त्यांना रिकाम्या सेटवर बसवून आलो. 'उद्या पाहुणे बघायला येणार आहेत,' एवढंच सांगितलं. गेटवर वॉचमननं माझं ओळखपत्र मागितलं. दादानं ते माझ्या गळ्यात पाहिलं, हातात धरून नीट वाचलं.

"ट्रेनिंगमा बी गयामा असं कार्ड र्‍हास का?"

मग कॅन्टीनमध्ये मी सगळं सांगून टाकलं. तो चहा बशीत ओतून पीत होता. काय शिकतो, विचारलं. घरं बांधायला, म्हणालो.

"मंग गावमा बांधाले काय व्हतं?"

मी चहाचे पैसे द्यायला उठलो. तो हसला की नाही, पाहिलं नाही.

परत आलो तर दारात पोरांची गर्दी. हेतल रडकुंडीला आली होती. "काका, आ शुं थयुं?" आत दोन भिंती पांढऱ्याशुभ्र. कोपऱ्यातली पांढऱ्या मातीची गोणी वहिनींनी शोधून काढली होती, चिंधीचा बोळा करून पोतारा दिला होता, आणि आता आमच्या रंगांतला गेरू घेऊन खाली पट्टा ओढत होत्या. चार दिवसांचं काम गेलं होतं.

"सकाय पाव्हना येतीन ना भाऊ? मंग भिती अश्या कसाले?"

दादा उरलेल्या तिसऱ्या भिंतीसमोर उभा राहिला. ओल पाहिली, पोपडे पाहिले.

"तू हाई कोनं घर करेल शे?"

"आपलं," मी म्हणालो.

वहिनींचा हात थांबला. "आपलं? मी तठेच र्‍हास भाऊ. माले वयखू बी नही उनं."

पंचवीस वर्षं ज्या घरात त्या राहतात, ते त्यांना ओळखू आलं नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला, वर्षातून दोनदा त्या भिंती पांढऱ्या करतात. मी वर्षाला दोन दिवस जातो, ओट्यावर बसतो, खाऊची पिशवी देतो आणि निघतो. मी गेलो म्हणजे घर खचलंच असणार, हे मी गृहीत धरलं होतं. त्याला मी अपराधीपणा म्हणत आलो, पण त्यात केवढी घमेंड होती. माझ्यावाचून तिथे काही उभंच राहू नये?

हेतलला म्हणालो, भिंत तशीच राहू दे. ती त्या पांढऱ्या भिंतीसमोरच कागद मागवून परतण्याचा प्रसंग नव्यानं लिहायला बसली. दुपारभर मी दादाला विचारत होतो आणि तो सांगत होता. मीटर दाराच्या डाव्या हाताला. फ्रिजवर औषधांचा डबा. भांडी पालथी ठेवायची, उताणी नाही. इतका आनंद मला दोन वर्षांत झाला नव्हता. तिसरी भिंत वहिनींनी आणि मी मिळून सारवली. माझी बाजू पट्ट्यापट्ट्यांची झाली, त्यावरून त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी भिंतीला हात लावला. बोटं पांढरी झाली. हे कुणी केलं, विचारलं. मी वहिनींना पुढे केलं. ही पांढरी भिंत मूळ आराखड्यात नव्हती म्हणून त्यांनी माझे गुण कापले, ते बरोबरच होतं.

आता कुणी विचारलं की घर कुठे, तर मी लिंबायत सांगतो आणि लाजत नाही. गावातलं ते घर दादा-वहिनींचं आहे, आणि मी तिथला पाहुणा आहे. पण हातात बोळा घेणारा पाहुणाही असू शकतो. वहिनी, या आखाजीला आठ दिवसांची रजा काढलीय. मी पोचेपर्यंत माती भिजवून ठेवा, भिंतींना मात्र हात लावू नका.