देव्हाऱ्याचा चार्ज

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी आमच्या ह्यांनी देव्हाऱ्याचा चार्ज घेतला. 'चार्ज' मुद्दाम म्हणते, कारण जन्मभर सरकारी कचेरीत त्यांनी ज्या पद्धतीने टेबलं ताब्यात घेतली, त्याच पद्धतीने हेही झालं. आधी पाहणी, मग त्रुटी, मग सुधारणा. निरांजनाला काजळी धरली होती, शंख कोरडा होता, बाळकृष्ण जरा तिरका बसला होता. "इतकी वर्षं तू हे असंच चालवत होतीस?" त्यांनी विचारलं. शिक्षिका असताना उशिरा येणाऱ्या पोरांकडे बघायचे, तशी मी त्यांच्याकडे बघत राहिले.

असंच चालवत होते. सासूबाईंनी देव माझ्या हवाली केले, तेव्हापासून माझ्या पर्समधल्या स्टीलच्या डब्यात बसून ते बदलीच्या गावोगाव फिरले आणि शेवटी इकडे बंगालात, सॉल्ट लेकच्या ह्या फ्लॅटमध्ये टेकले. मी बालीगंजला शाळेत शिकवायला जायचे. सकाळची बस चुकली की पुढचीत पाय ठेवायला जागा नसायची. त्यामुळे माझी पूजा म्हणजे कुकरच्या दोन शिट्ट्यांमधला कारभार. पाणी, गंध, एक जास्वंद, आणि हात चालू असताना तोंडही चालू. मंत्र मला फारसे येत नाहीत. शाळेतल्या मोठ्या बाई काल काय बोलल्या, मुलीला ताप आहे, ह्यांना प्रमोशन नाही मिळालं तर घर डोक्यावर घेतील, हे सगळं मी अन्नपूर्णेला सांगायचे. ती माझ्या माहेरची. लग्नात गौरीहराला बसले तेव्हा आईने दिलेली, अंगठ्याएवढी पितळी मूर्ती. भाताचे तांदूळ धुवायला घेतले की चार दाणे तिच्यापुढे ठेवायची माझी सवय.

ह्यांची पूजा मात्र दीड तासाची. मोबाइलवर कुणा गुरुजींचे व्हिडिओ बघून शिकलेली, सोवळं नेसून, उच्चार अगदी खणखणीत. मला आनंदच व्हायला हवा होता. बाकीच्यांचे नवरे निवृत्त होऊन टीव्हीपुढे बसतात, माझा देवापुढे बसत होता. सुरुवातीला बहिणीला फोनवर मी कौतुकाने सांगितलंसुद्धा. पण आता मला दारातूनच हात जोडून कामाला लागावं लागे, आणि माझ्या त्या दहा मिनिटांचं काय करायचं ते सुचत नसे. दुर्गापूजेपासून मला खोकला धरला होता. त्याची दखल ना घरच्याने घेतली, ना देवांनी. देवांचं तरी काय चुकलं, त्यांना सांगायला मी तिथे होतेच कुठे? मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त मी एकटी पडले होते.

ह्यांची पूजा झाली की मी हळूच जाऊन ते चार दाणे ठेवून यायचे. एके दिवशी बघते तर दाणे केराच्या सुपलीत. "मुंग्या होतात गं," हे म्हणाले, "आणि अक्षता वाहायच्या तर कुंकू लावून वाहाव्यात." ते बाजारात गेल्यावर अन्नपूर्णेला उचललं, पदराने पुसलं आणि स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्याशेजारी फळीवर नेऊन बसवलं.

दुपारी समोरच्या फ्लॅटमधली बंगाली मैत्रीण पायेशची वाटी घेऊन आली. तांदळाची ही खीर ती फार छान करते. फळीवर तिची नजर गेली आणि तिने वाटी खाली ठेवून आधी हात जोडले.

"अरे दीदी, मां को रान्नाघर में ले आईं? खूब भालो! अब देखना, शिवठाकुर खुद बाटी लेकर आएंगे।"

तिच्या घरी तशी तसबीरच आहे, अन्नपूर्णा पळी घेऊन बसलेली आणि तिच्यापुढे शंकर वाटी घेऊन भिक्षेला उभा. मी म्हटलं, माझा शंकर सेंट्रल गव्हर्नमेंटचा आहे, तो अर्ज करेल पण मागायला येणार नाही. दोघी खूप हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्र सुरू झाले आणि मध्येच थांबले. मी आमटीच्या फोडणीत डोकं घालून उभी. थोड्या वेळाने हे दारात आले, सोवळ्यातच, हातात गंधाची वाटी. त्यांनी फळीकडे बघितलं. मी भांडायला तयार होते, काय काय बोलायचं ते रात्रीच ठरवून ठेवलं होतं. पण हे स्टुलावर बसले.

"तू हिच्याशी काय बोलायचीस गं?"

"कधी?"

"रोज. मी बाहेर पेपर वाचत असायचो. शब्द नीट कळायचे नाहीत, पण तुझं कुणीतरी ऐकून घेतंय असं वाटायचं. तेव्हाच ठरवलं होतं, रिटायर झालो की आपणही तिथे बसायचं. आता इतके महिने बसतोय. सगळं बरोबर करतोय. पण मला तसं काही होत नाही."

माझं सगळं भांडण जागच्या जागी विरघळलं. हे माझ्या जागेवर बसले ते मला तिथे जे मिळायचं ते आपल्यालाही मिळावं म्हणून, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तांदळाचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"हे निवडा. आणि निवडता निवडता बोला. संस्कृतात नको."

"पण बोलू काय?"

"माझ्या तक्रारी करा की. मी जन्मभर तुमच्याच केल्या."

अन्नपूर्णा स्वयंपाकघरातच राहिली, ही तिची शेवटची बदली. ह्यांची पूजा आता आटोपशीर झाली आहे. ती झाली की ते वाटी घेऊन माझ्यापुढे उभे राहतात, मी त्यात मूठभर तांदूळ घालते, आणि चार दाणे तिच्यापुढे ठेवून ते उरलेले निवडायला बसतात. मैत्रिणीने हे एकदा दारातून बघितलं आणि विजयी मुद्रेने मान डोलावली. बोलणं मात्र त्यांना जमत नव्हतं. फार तर "आज तांदूळ जुना आहे," एवढंच.

परवा मी स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. आतून ह्यांचा आवाज आला, मंत्राचा नव्हे, साधा.

"माझ्या गुडघ्याचं आज राहू दे. हिचा खोकला काही जात नाही. रात्री तोंडावर उशी धरून खोकते, मला कळू नये म्हणून. तेवढं बघ बाई."

नेमकी तेव्हाच मला उबळ आली. हातातला ओला टॉवेल तोंडावर दाबून मी ती परतवली, त्यांचं बोलणं मध्येच तुटू नये म्हणून.