प्रोसेकोची बाटली आणि माझे हात

"आडनाव काय तुझं?" त्यानं विचारलं.

बाटली माझ्या हातात होती. प्रोसेको. इटलीची फेसाळणारी पांढरी वाइन. रिसॉर्टच्या टेबलाशी सहा पाहुणे, सकाळची जंगल सफारी करून आलेले. विचारणाऱ्या पाहुण्याच्या लग्नाचा वाढदिवस होता. कोणती घ्यावी, हे त्यानंच मला विचारलं होतं. मी सांगत होते, "सर, ब्रूट लिहिलेली कोरडी लागते. एक्स्ट्रा ड्राय नावालाच कोरडी, खरं तर जराशी गोडसर. तुमचे मासे तिखट आहेत, त्यांच्यासोबत ही गोडसर बरी जाईल."

त्यावर हा प्रश्न.

मी आडनाव सांगितलं. तो बायकोकडं बघून हसला.

"म्हणजे जयभीमवाले. आता हे आपल्याला वाइन शिकवणार!"

सगळं टेबल हसलं. मग त्यानं मॅनेजरला बोलावलं. "दुसऱ्या कोणाला तरी उघडायला सांगा. आज आमच्याकडं शुभ दिवस आहे."

मॅनेजरनं माझ्या हातातून बाटली घेतली. नॅपकिननं पुसली. जिथं माझी बोटं होती, नेमकी तिथं. हसत हसत, पाहुण्यांना दिसेल अशी.

मी चिमूरजवळच्या खेड्यातली. आई दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धान रोवते. मी नागपुरात हॉटेलचा कोर्स केला. जिल्ह्यातली दारूबंदी उठली तशी रिसॉर्टमध्ये वाइन आली, आणि मी ती मन लावून शिकले. द्राक्षाचं नाव ग्लेरा. फेस धरतो तो पोलादी टाकीत. बाटली थंडगार हवी, उघडताना बूच नाही, बाटली फिरवायची. मला वाटायचं, एवढं नीट काम केल्यावर कोण आपली जात विचारतो?

विचारली. मासे खाता खाता विचारली.

मॅनेजरनं बूच काढलं. फेस उसळला, फरशीवर सांडला. माशाचे काटे, सांडलेली वाइन, त्यांच्या अत्तराचा वास. सगळं एकत्र नाकात गेलं.

"हिला पुसू द्या," पाहुणा म्हणाला. "ते जमेल हिला."

मॅनेजरनं फडकं माझ्यापुढं धरलं. "पूस. अन् मग प्लेटा उचल."

मी फडकं घेतलं. एक क्षण वाकलेही. आणि त्या वाकण्याचीच मला शिसारी आली. माझी पाठ माझी आहे. मी सरळ झाले. फडकं त्या पाहुण्याच्या ताटाशेजारी ठेवलं. हॉटेलातली गोड मराठी तोंडातून गळून पडली, घरची आली.

"ज्या हातानं बाटली चालत नाई, त्या हातानं तुमचं उष्टं बी उचलनार नाई. काऊन उचलू?"

कोणी हसलं नाही. मॅनेजर ओरडला, "माफी माग!" मी एप्रन सोडला आणि चालत बाहेर आले. फाटकाबाहेर सागाखाली बसून ओकले.

घरी आईला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं.

"तुनं पुसलं का?"

"नाई."

"मंग उद्या ठाण्यात जाऊ. मी बी येतो."

गेलो. रिसॉर्टात माझ्यासोबत जेवण वाढणारा गोंड समाजाचा एक भाऊ आपणहून आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. "मी सांगतो साहेबाले," म्हणाला. पोलीस तक्रार लिहून घेत नव्हते. आम्ही उठलो नाही. शेवटी घेतली.

आठवड्यानं मॅनेजर घरी आला. दारातच उभा राहिला. आईनं पाणी दिलं, त्यानं ते घेतलं नाही. म्हणाला, "त्या दिवशीचे सर फोनवर सॉरी म्हणायला तयार आहेत. तक्रार मागं घे. नोकरी आहेच तुझी."

"सॉरी कोर्टात म्हनू दे," मी म्हणाले.

तो गेला. आता रोज कोणी ना कोणी समजवायला येतं. लग्न कसं होईल, म्हणतात. दुसरीकडं कोण घेईल कामाला, म्हणतात. मी ऐकून घेते. तारीख लागेल तेव्हा मी उभी राहीन. तो पाहुणा जे बोलला ते शब्दन् शब्द, त्याच्या बायकोसमोर, त्याच्याकडं बघून बोलेन. तक्रार मागं घेणार नाही.