नदीकाठचं ज्यूट

आमचे वडील संशयी होते. दुधात पाणी नसलं तरी त्यांना दिसायचं. त्यात ते दिवसच तसे. फाळणी झालेली, संस्थानं विलीन होत होती, आणि आपली जमीन उद्या कोणाच्या नकाशात जाईल याचा बुऱ्हाणपुरात कोणालाच भरवसा नव्हता. ज्यूटची शेतं सरहद्दीपलीकडे गेली आणि गिरण्या इकडे राहिल्या, म्हणून शेतकी खात्याचा एक साहेब बियाणं वाटत आमच्याकडे आला.

"काका, तुमची जैनाबादची नदीकाठची पट्टी गाळाची आहे, ओल धरते. तिथे लावून बघा."

साहेब गेल्यावर वडील आईला म्हणाले, "याला आपली पट्टी कशी माहीत? आज बी फुकट देऊन राहिले, उद्या पट्टीच मांगतील."

त्या पट्टीवर आमची केळी होती. घर तिच्यावरच चालायचं. वडिलांनी ते बी, दोरीसाठी अंबाडी लावतात तसं, कपाशीच्या कडेनं, काळ्या रानात टाकलं. पावसानं ओढ दिली, रान भेगाळलं, ज्यूट गुडघ्याएवढं होऊन थांबलं. वडील खूश होते.

उरलेलं मूठभर बी आईनं गुपचूप पट्टीच्या टोकाला, पाण्यालगत टाकलं होतं. तिला नुसतं बघायचं होतं. मी तिच्याबरोबर जायची. श्रावणात ते आईच्या डोक्यावर गेलं.

वडिलांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "कोणी पाह्यलं का?" एवढंच विचारून त्यांनी विळा घेतला. "फेकून दे नदीत," आईला म्हणाले. मला त्यांचा फार राग आला.

साहेब परत आला तेव्हा त्याला कपाशीची कड दाखवली. त्यानं ढेकूळ फोडून पाहिलं. "माती काळी, हवा कोरडी. इथे ज्यूट होणार नाही," म्हणाला आणि गेला. पुन्हा कोणी आलं नाही. पट्टी राहिली.

आईनं मात्र त्या पेंढ्या नदीत फेकल्या नव्हत्या. डोहात दगडाखाली दाबून कुजवल्या, धुतल्या, सोलल्या, परसात वाळत घातल्या.

"वास कसला येऊन राहिला?" वडिलांनी विचारलं.

"अंबाडीचा," आई म्हणाली.

त्या धाग्याच्या दोरीनं तिनं त्यांची बाज विणली. वडील म्हातारे होईपर्यंत त्याच बाजेवर झोपले. पाहुण्याला ते ती थोपटून दाखवत आणि सांगत, "आपल्या रानची अंबाडी आहे. ते सरकारी ज्यूट काही इथे आलं नाही."

आई तेव्हा चहा ठेवायला उठायची.