दोनदा दाबायचा ब्रेक

उद्या घाटात ब्रेक लागलाच नाही तर? हा विचार माझी पाठ सोडत नाही. माझी लेक दातांची डॉक्टर, पण तिचा सगळा जीव अठ्ठेचाळीस सालच्या एका मोटारीत. दात चमकवायच्या पेस्टनं गाडीचा बंपर घासते! उद्या जुन्या मोटारींच्या मेळाव्याला ती गाडी घेऊन एकटीच निघाली आहे.

“अगं, हिचा ब्रेक दोनदा दाबावा लागतो,” मी म्हटलं.

“बाबांनाही हाक दोनदा मारावी लागते. टाकून दिलंस का त्यांना?”

मला हसू आलं, पण धास्ती गेली नाही. माझं ती ऐकायची नाही. तिला गाडीदुरुस्ती शिकवणाऱ्या मिस्त्रीकाकांचा शब्द मात्र मोडत नाही. आत्ताच त्यांना फोन करते: ब्रेक नीट केल्याशिवाय तिला निघू देऊ नका. लेक चिडेल, तर चिडू दे.