काशीचे पाच दगड

लिंबाजीमामा काल गेले. त्यांच्या लेकीला कुठे पुरलंय, हे फक्त माझ्या वहीत लिहिलेलं होतं.

नामांतराची वर्षं होती ती. विद्यापीठ चार दिवस चालू, दहा दिवस बंद. शेवटी सरांनी आम्हा पोरापोरींना चारठाण्याच्या वरच्या माळावर उत्खननालाच नेलं.

लिंबाजीमामा धनगर. मेंढरं बायकोवर सोपवून आमच्याकडे रोजानं खोदायला यायचे.

आणि मी एम.ए.ची पोरगी. दोन पुस्तकं वाचली की माणूस किती शहाणा होतो, त्याचा चालताबोलता नमुना.

एका सकाळी ट्रेंचच्या, म्हणजे खोदायच्या चौकोनाच्या, कोपऱ्यातली मापाची खुंटी दोन हात सरकलेली. मामांनीच सरकवली होती, विचारल्यावर नाही म्हणाले नाहीत.

मी सगळ्यांसमोर झापलं त्यांना. "खेळ वाटला का तुम्हाला?"

मामा खाली मान घालून उभे. बापाच्या वयाचा माणूस.

दुपारी भाकरी खाताना तेच जवळ आले. आदल्या दिवशी वीतभर मातीखाली गारगोटीची जुनी हत्यारं निघाली होती. ती दाखवून म्हणाले,

"ताई, ह्ये येवढं खाली गेलं कसं? हितं ना नदी, ना गाळ. कुनी पुरलं का?"

माझं लेक्चर सुरू. कोणी पुरत नाही मामा. मुंग्या, वाळवी, गांडुळं खालची माती कणाकणानं वर आणून टाकतात. थोडी चढावरून वाहून येते. वरची वस्तू आपोआप खाली खाली जाते.

"दगड बी?"

"दगड पण."

"मंजी कुनी न्हेले न्हाईत?"

"काय?"

"काशीचे दगड."

आणि तो माणूस हातातली भाकरी तशीच धरून रडायला लागला.

काशी त्यांची लेक. अडीच वर्षांची. याच माळावर मुक्कामाला असताना गोवरानं गेली. कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वर पाच दगड ठेवले होते. दर साली मेंढरं घेऊन यायचे, तर दगड थोडे थोडे कमी दिसायचे. मग दिसेनासेच झाले. शेजारच्या बोरीच्या झाडावरून जागा ध्यानात होती, तेवढीच.

"कुनी तरी बांधाला न्हेले म्हनून लय शिव्या दिल्या वो मी गावाला."

आमची खुंटी मुळात बरोबर तिच्यावर होती.

मी सरांना सांगितलं, माप घेताना माझीच चूक झाली, ट्रेंच सरकवू या. सरांनी मला सगळ्यांसमोर झापलं. बरंच झालं.

बोरीचा काय भरवसा, म्हणून माळावरच्या मोठ्या खडकापासूनचं अंतर आणि दिशा वहीत लिहिली. मामांना वाचून दाखवलं.

"वही जपा ताई," एवढंच म्हणाले.

माफी मात्र मी मागितली नाही. मागू मागू म्हणत राहूनच गेली.

काल संध्याकाळी त्यांच्या मुलाचा, महादूचा फोन.

"आबा गेले. काशीजवळ माती द्या म्हनले. पर ती बोर कवाच तुटली, जागा कुनालाच ठाव न्हाई. तुमच्या वहीत हाय म्हनायचे."

आज सकाळी वही आणि टेप घेऊन माळावर पोचले. खडक होता. टेप धरला, माप जिथे संपलं तिथे नुसतं गवत.

त्या वयात लिहिलेलं माप. चुकलं असलं तर?

गुडघ्यावर बसून खुरप्यानं माती सारत गेले. चार बोटं. पाच. सहा.

टक्क वाजलं.

एक दगड. शेजारी दुसरा. पाचही मिळाले. लगेच परत झाकले.

मामांना तिच्या शेजारी ठेवलं. महादूनं वर पाच दगड रचले.

मी म्हटलं, "हेही जातील रे खाली."

"जाऊ द्या. तुमी लिवा."

लिहिलंय मामा. काशीपासून पूर्वेला, दोन हात.

त्या सकाळी झापलं, त्याबद्दल माफ करा.

निजा आता, लेकीजवळ.